नगरचा किल्ला आणि राष्ट्रध्वजाचा अर्थनिर्णय

राष्ट्रध्वजाच्या शिष्टाचाराची चर्चा करताना नियमांची यादी सहज हाती लागते. परंतु ज्या अर्थाच्या रक्षणार्थ ते नियम सिद्ध झाले, त्याचा इतिहास बहुधा उपेक्षित राहतो. या इतिहासाचा एक धागा अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याशी निगडित आहे.

तत्कालीन ध्वजाचे पांढरा, हिरवा व तांबडा हे रंग निरनिराळ्या धर्मसमाजांचे निदर्शक मानले जात. त्यातून उद्भवलेल्या आक्षेपांचा विचार करण्यासाठी काँग्रेस कार्यकारिणीने एप्रिल १९३१ मध्ये सात जणांची समिती नेमली. पट्टाभि सीतारामय्या, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, काका कालेलकर व डॉ. ना. सु. हर्डीकर हे तिचे सदस्य होत. समितीने एकरंगी केशरी ध्वजाची शिफारस केली. अखिल भारतीय काँग्रेस समितीने मात्र ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईस ती बाजूस ठेवून केशरी, पांढरा व हिरवा असा चरखांकित तिरंगा स्वीकारला. तथापि शिफारशीमागील तत्त्व टिकले. रंगांना सांप्रदायिक अर्थ नाही, हे स्पष्ट करण्यात आले. केशरी रंग धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांततेचा, हिरवा श्रद्धा व वीरवृत्तीचा मानला गेला.

पुढे ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्यकारिणीच्या सदस्यांना मुंबईत अटक झाली व त्यांपैकी बाराजणांना नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत पटेल, नेहरू, आझाद व सीतारामय्या, म्हणजे ध्वजसमितीच्या सातांपैकी चौघे, होते. आसफ अली हेही तेथेच होते. त्यांच्या पत्नी अरुणा यांनी त्याच ९ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकविला होता. आपल्या समितीने न सुचविलेल्या ध्वजाखालीच हे चौघे बंदिवासात गेले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव नेहरूंनीच मांडला. चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले. चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे, हे त्याचे एक व्यावहारिक कारण होते. रंगांच्या सांप्रदायिक अर्थाचा त्यांनी पुन्हा निषेध केला.

२६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या ध्वजसंहितेचे नियम या पार्श्वभूमीवर वाचावयास हवेत. ध्वज त्वरेने चढवावा व संथपणे उतरवावा. त्याचा भूमीस स्पर्श होऊ नये. केशरी पट्टा वर असावा. फाटका ध्वज लावू नये, तर खासगीरीत्या सन्मानपूर्वक नष्ट करावा. हे बाह्य उपचार होत. तिरंग्यावर एखाद्या समाजाची विशेष मालकी सांगणारा मनुष्य हे सर्व उपचार काटेकोर पाळूनही १९३१ च्या निर्णयाचा भंगच करतो. आपले मत बाजूस ठेवून सर्वांनी ठरविलेले चिन्ह आपले मानणे, हा ध्वजशिष्टाचाराचा पहिला नियम होय. तो कोणत्याही संहितेत लिहिलेला नसला, तरी नगरच्या किल्ल्यातील त्या चौघांच्या चरित्रात तो स्पष्ट वाचता येतो.