मद्यजन्य यकृतदाह आणि स्टेरॉइडचा पहिला महिना

वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्या माणसाला काही आठवड्यांत गडद कावीळ होते, ताप येतो, यकृत सुजते, पोटात पाणी साठते. या आजाराचे ‘अक्यूट अल्कोहोलिक हिपॅटायटिस’ हे नाव ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १९६१ च्या एका लेखाने रूढ केले. त्याच्या तीव्र प्रकारात, विशेष उपचार न झाल्यास, महिन्याभरात सुमारे एकतृतीयांश रोगी दगावत.

दाह शमवणारे औषध म्हणून स्टेरॉइडची ओळख १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमधील संधिवाताच्या रोग्यांवरून झाली होती. यकृतातही दाहच होता. तेव्हा तेच औषध इथे वापरून पाहणे ओघाने आले. १९७१ मध्ये हेलमन आणि सहकाऱ्यांनी ३७ रोग्यांवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची चाचणी घेतली. लाभ दिसला तो अत्यवस्थ रोग्यांतच. पुढच्या काही चाचण्यांत मात्र तोही दिसला नाही. या चाचण्यांत सौम्य आणि तीव्र आजाराचे रोगी अनेकदा एकत्र मोजले जात आणि हे गोंधळाचे एक मोठे कारण होते.

तो सोडवण्याची वाट १९७८ मध्ये बाल्टिमोरच्या मॅड्री यांनी दाखवली. त्यांच्या सूत्राचे आज वापरात असलेले रूप असे: रक्त गोठण्याचा प्रोथ्रॉम्बिन काळ नेहमीपेक्षा जितके सेकंद लांबला, त्याला ४.६ ने गुणायचे आणि त्यात बिलिरुबिनचा, म्हणजे कावीळ आणणाऱ्या रक्तातील पिवळ्या द्रव्याचा, आकडा (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) मिळवायचा. बेरीज ३२ किंवा अधिक आली तर आजार तीव्र. या इतिहासातले सर्वांत उपयोगी काम कदाचित हेच, कारण औषध कोणाला द्यायचे हे त्यामुळे ठरवता येऊ लागले. १९८९ मध्ये कॅरिथर्स यांच्या चाचणीत २८ दिवसांतील मृत्यू ३५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. १९९२ मध्ये फ्रान्समधील रॅमाँ यांच्या चाचणीत, दोनेक महिन्यांत, औषधाविना २९ पैकी १६ रोगी दगावले. प्रेडनिसोलोन घेणाऱ्या ३२ पैकी चारच.

पण स्टेरॉइड रोगप्रतिकारशक्ती दडपते आणि या रोग्यांना जंतुसंसर्ग आधीच सहज होतो. ज्याला गुण येत नाही त्याला महिनाभर औषध देणे म्हणजे निव्वळ धोका. म्हणून २००७ मध्ये लील शहरातील डॉक्टरांनी सातव्या दिवशीचा हिशेब मांडला. बिलिरुबिन आठवड्यात किती उतरले, यासह वय, अल्ब्युमिन, मूत्रपिंडाची स्थिती वगैरे धरून निघणारा अंक ०.४५ पेक्षा अधिक असेल, तर सहा महिने जगण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. कमी असेल तर ८५. अधिक अंकाच्या रोग्यांचे स्टेरॉइड सहसा थांबवले जाते.

सर्वांत मोठी चाचणी ब्रिटनमधील ‘स्टोपा’. ६५ रुग्णालयांतील ११०३ रोग्यांचे तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. प्रेडनिसोलोनने २८ दिवसांतील मृत्यू थोडे घटल्यासारखे दिसले, पण फरक संख्याशास्त्रीय कसोटीला जेमतेम उतरला नाही. ९० दिवसांनी आणि वर्षाने तर तो उरलाच नाही, आणि गंभीर संसर्ग औषध घेणाऱ्यांत १३ टक्के, इतरांत ७ टक्के होते. त्याच चाचणीत तपासलेले दुसरे औषध, पेंटॉक्सिफिलिन, निष्प्रभ ठरले. २०१८ मध्ये ११ चाचण्यांतील रोग्यांची माहिती एकत्र तपासली गेली. पहिल्या महिन्यातला लाभ त्यात स्पष्ट झाला; सहा महिन्यांचा मात्र आढळला नाही.

महिन्यापुढचे आयुष्य मुख्यतः दारू सुटण्यावर अवलंबून राहते. स्टेरॉइडने गुण न आलेल्यांसाठी फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी यकृतारोपणाची वाट धरली. प्रत्यारोपणाआधी सहा महिने दारू सोडलेली हवी, हा प्रघात होता, पण तेवढा अवधीच या रोग्यांजवळ नव्हता. काटेकोरपणे निवडलेल्या २६ जणांवर तरीही प्रत्यारोपण झाले. २०११ च्या अहवालानुसार त्यांच्यापैकी ७७ टक्के सहा महिन्यांनी जिवंत होते. तशाच स्थितीतील, प्रत्यारोपण न झालेल्यांपैकी २३ टक्के.