मालवाहू प्राण्यांची एक वंशावळ: मॉल ते खामगाव

मॉलच्या दाराशी एकमेकींत शिरून उभा असलेला ढकलगाड्यांचा कळप आपण सर्वांनी पाहिला आहे. ही जात मूळची अमेरिकेतील. 1937 साली ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन ती जन्मास घातली. एकमेकींत शिरण्याचा गुण नंतरचा. स्वभाव: एक चाक कायम हट्टी. काम संपताच ती वाहनतळावर बेवारस आढळते.

बुलढाणा जिल्ह्यातील तिचे पूर्वज अधिक कुलीन होते. बैलगाडीला गाडीवान झोपला तरी घरची वाट ठाऊक असे! त्याही आधीची जात म्हणजे बंजाऱ्यांचा गोणीचा बैल. वऱ्हाडचा कापूस पाठीवर घेऊन तो थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत चालत जाई. अमेरिकन यादवी युद्धाने (1861-65) मँचेस्टरचा कापूस तुटला, खामगावची बाजारपेठ फुगली आणि 1870 मध्ये लॉर्ड मेयोने जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन केले. अंतर जेमतेम 13 किलोमीटर. बैलगाडी यातूनही तगली, कारण शेतातला कापूस बाजारापर्यंत आणायला आगगाडी येत नव्हती. गोणीचा बैल मात्र नामशेष झाला.

निसर्गशास्त्रज्ञ येथे ‘नैसर्गिक निवड’ असे लिहून पान उलटील. परंतु त्या बैलांमागून माणसे चालत होती, आणि वर्गीकरणाचा छंद सरकारलाही होता. 1871 च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमातीं’च्या याद्या सुरू झाल्या, धंदा बुडालेल्या बंजाऱ्यांची नावे पुढे अनेक ठिकाणी त्यांत चढली. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले.