गव्हाआधीचा केक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. माझी सहा वर्षांची नात आईवडिलांबरोबर गणपतीला चौलच्या घरी आली होती. तिचा वाढदिवसही त्याच आठवड्यात येतो. त्याआधी काही महिने तिचं पोट सतत बिघडत होतं, वजन वाढत नव्हतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी निदान सांगितलं, सिलिॲक. म्हणजे गहू आयुष्यभरासाठी बंद. पोळी नाही, पाव नाही, बिस्कीट नाही, आणि अर्थातच केक नाही. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की ही आपला डबा घेऊन बाजूला बसते, असं सून सांगत होती.

सुनेनं कुठून तरी परदेशी पद्धतीच्या आल्याच्या केकची कृती मिळवली होती. आलं, दालचिनी, लवंग घालून लांबट साच्यात भाजायचा, गव्हाशिवायचा केक. सामानाची यादी वाचता वाचता तिचाच आवाज खाली आला. बदामाचं पीठ, टॅपिओकाचं पीठ, झँथन गम आणि कसलासा काळा पाक. आमच्या बाजारात यातलं काय मिळणार? पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसलेल्या माझ्या चुलतसासूबाई सगळं ऐकत होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. वय पंच्याऐंशी. त्यांनी विचारलं, ''तांदूळ चालतो ना गं तिला?'' चालतो म्हटल्यावर म्हणाल्या, ''मग धोंडस करा की. त्यात कुठे गहू असतो?''

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. चौलच्या बंदरावर मी वर्गात किती तास बोलले असेन, त्याची गणती नाही. पण त्याच गावातल्या चुलीलाही इतिहास असतो, हे त्या दिवशी काकूंनी माझ्या लक्षात आणून दिलं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी या गव्हाचं प्रकरण काय आहे, ते पाहू. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची प्रथिनं असतात. पाणी घालून कणीक मळली की ती एकमेकांत गुंततात आणि एक चिवट जाळं तयार होतं. त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळी न फाटता लाटता येते, पाव फुगून तसाच राहतो, तो या जाळ्यामुळे. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात हे ग्लूटेन गेलं, की त्याची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात. तांदळात ती नसतात.

हा आजार वैद्यांना जुनाच माहीत होता. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरनं १८८८ मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं आणि रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानंच होईल, असंही सांगितलं. पण आहारातला दोषी पदार्थ कोणता, ते कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. पुढे महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली. पाव मिळेना. माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सगळीकडे मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. युद्ध संपलं, पाव परत आला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिकेंनी त्यावर काटेकोर अभ्यास केला आणि १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला. गहू हा दोषी ठरला तो असा.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. कुलाब्याचं गॅझेटियर १८८३ मध्ये छापलं गेलं. ते उघडलं तर पिकांत पहिला मान भाताचा, आणि बाकी सगळं त्याच्या मागे. गव्हाला कोरडी थंडी हवी. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि मग दमट हवा. त्यामुळे गहू यायचा तो घाटावरून बैलाच्या पाठीवर, नाहीतर गलबतातून. चौल हे फार जुनं बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सेमिल्ला नावाचं जे बंदर येतं, ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. १५२१ मध्ये पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी मिळाली आणि १७४० मध्ये मराठ्यांनी तो घेईपर्यंत ते राहिले. जाताना ते दोन गोष्टी मागे ठेवून गेले. समोरच्या कोर्लईत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली, आणि आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला 'पाव' हा शब्द. पण पाव हा पाहुणाच होता. घरची भाकरी तांदळाची होती.

आणि हा तांदूळही काही आयता मिळत नव्हता. खारेपाटात समुद्राला बांध घालून, मिठाची जमीन पावसाच्या पाण्यानं धुऊन भात काढायचं. पिकलं की मोठा वाटा खोताकडे जायचा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, की खोतांची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावांतली शेतं ओस पडली आणि हा संप सुमारे सहा वर्षं, १९३९ पर्यंत चालला. माणसांनी जंगलातली लाकडं तोडून, विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायद्यानं खोती गेली ती १९४९ मध्ये. आपण ज्याला सहज 'भात' म्हणतो, त्याच्या मागे हे सगळं आहे.

भात उखळात सडलं की अख्खा तांदूळ निघतो आणि कण्याही निघतात. अख्ख्या तांदळाला बाजार असतो. कण्या घरात राहतात. या किनाऱ्यावरचे कितीतरी गोड पदार्थ या कण्यांचे किंवा तांदळाच्या रव्याचे आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. विकायचं ते विकल्यावर घरात जे उरलं, त्याचा बायकांनी सण केला.

खांडवी घ्या. तांदळाचा रवा तुपात भाजायचा, गुळाच्या पाण्यात शिजवायचा, आल्याचा रस आणि वेलची घालायची, थापून वड्या पाडायच्या. फणसाच्या रसातली सांदणं घ्या. कोकणी मुसलमान घरांत नारळाच्या दुधातली, फुगवून वाफवलेली सांदणं होतात. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असं मानणारे बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली, नवसाला आणि मंगलकार्याला मलिदा करतात. तो असतो गोड पोह्यांचा, ओल्या नारळाचा. धर्म निरनिराळे, पण ताटात तांदूळ, नारळ आणि गोडवा हे तिघं सगळीकडे.

धोंडस हा याच घराण्यातला, पण भाजलेला. कुठे त्याला तवसोळी म्हणतात, कुठे तवसाळं. पावसाळ्यात मांडवावर लोंबणारी मोठी, पिकून पिवळी पडलेली काकडी किसायची. रवा, गूळ, नारळ, आलं घालून जाड बुडाच्या टोपात भरायची. टोप चुलीच्या वैलावर मंद आचेवर, आणि वर झाकणाच्या ताटलीत करवंट्यांचे निखारे. खालून आच, वरून आच. म्हणजे भट्टीच नाही का? विजेचा ओव्हन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्या-पणज्या 'बेक' करत होत्या. त्यांना तो शब्द फक्त माहीत नव्हता.

आल्याचीही गंमत आहे. संस्कृतात त्याला शृंगवेर म्हणतात, शिंगासारखं दिसणारं. तोच शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून ग्रीकमध्ये झिंगिबेरिस झाला, लॅटिनमध्ये झिंगिबेर आणि इंग्रजीत जिंजर. युरोपात आलं पिकत नव्हतं. सुंठ पूर्वेकडून जायची आणि महाग पडायची, म्हणून आल्याची ब्रेड आणि केक हे तिकडे सणाचे पदार्थ झाले. सुनेच्या यादीतला तो काळा पाक म्हणजे उसाच्या रसाची मळी, आपल्या काकवीची चुलत बहीण. म्हणजे तो केक आपल्याला इतका परका नव्हताच. आलं इथलं, गोडवा ओळखीचा, परकं होतं ते फक्त गव्हाचं पीठ. आणि नेमकं तेच काढायचं होतं.

मग धोंडस मागे का पडलं? माझ्या मते त्याचं एक कारण आपल्या ताटात गहू आला, हे आहे. धान्यटंचाईच्या काळात, १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार झाला आणि बोटी भरभरून गहू आला. रेशनच्या दुकानात गहू, मुंबईहून सुट्टीवर येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत पाव आणि बिस्किटं. पुढे हरितक्रांती झाली आणि गहू सगळ्या देशाचा झाला. त्यानं भूक भागवली, त्याचे उपकार आहेतच. पण रोजची पोळी म्हणजे सुधारलेलं घर आणि कण्या म्हणजे गरिबी, असं काहीतरी आपल्या मनात बसलं. केक आला तो वाढदिवसाचा मान घेऊन, आणि धोंडस म्हाताऱ्यांचं झालं.

आता कृती, कारण ती न सांगता उठले तर पत्रं येतील. काकूंचं माप हाताचं. मी त्यांच्या शेजारी वाटी घेऊन बसले आणि लिहून घेतलं. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून त्याचा जाडसर रवा काढायचा. दोन वाट्या रवा चार चमचे तुपावर मंद भाजायचा. दोन वाट्या काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, एक वाटी नारळाचं दूध, दीड वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, दोन चमचे किसलेलं आलं, अर्धा चमचा सुंठ, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ. काकडीच्या बिया काढून टाकायच्या आणि ती कडू नाही ना, ते आधी चाखून पाहायचं. कीस, दूध आणि गूळ उकळायला ठेवायचं, बाकीचं घालायचं, मग रवा घालून झाकून वाफ आणायची. कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हबका. मिश्रण सैलसर असतानाच तूप लावलेल्या, हळदीचं पान घातलेल्या भांड्यात ओतायचं. चूल नसेल तर ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास. सुरी घालून पाहायची, ती कोरडी निघाली पाहिजे. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही, हे काकूंनी तीनदा बजावलं. रवा शिजून फुलतो आणि गार होताना धरतो. गव्हाच्या जाळ्याचं काम इथे तो करतो. हे फुगलेलं, हलकं धोंडस होत नाही, होणारही नाही. ते ओलसर, घट्ट आणि रवाळ असतं.

ज्यांच्या घरी सिलिॲकचा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. दुकानात नुसता रवा मागितला तर तो गव्हाचाच मिळतो. गिरणीत आधी गहू दळला असेल तर तांदळात त्याचं पीठ येतं, म्हणून रवा घरीच काढा. आपल्याकडच्या नियमानुसार 'ग्लूटेन-मुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून किती थोडं पुरतं, ते कळेल. आणि हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचा, कारण बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. जुनं ते सगळंच चालतं असंही नाही. आमच्याकडे श्रावणात होणारं सीकेपी पद्धतीचं निनावं भाजलेलंच असतं, पण त्यात बेसनाबरोबर बऱ्याच घरी कणीक घालतात. विचारल्याशिवाय ते देऊ नये.

वाढदिवसाच्या दिवशी काकू पाट घेऊन चुलीशी बसल्या. निखारे जरा जास्त झाले आणि वरचा एक कोपरा करपला. काकू स्वतःवरच चिडल्या. संध्याकाळी आळीतली पोरं जमली. नातीनं धोंडस कापलं आणि एकदम विचारलं, ''हे मी सगळ्यांना वाटू?'' इतके दिवस तिचा डबा वेगळा होता. आता तिच्या ताटातलं सगळे खाणार होते. तिनं एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला, काकूंना करपलेला कोपरा दिला, आणि मग स्वतः खाल्लं.

धोंडसाचा तो तांदूळ आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं दिला होता. त्याच्या शेजारच्या शेतात बांध फुटून समुद्राचं पाणी शिरलं आहे. एकदा खारं पाणी बसलं की काही वर्षं तिथे भात येत नाही, आणि मग जमीन विकायची भाषा सुरू होते. काकूंची कृती मी वहीत उतरवून ठेवली आहे, ती आता जाणार नाही. तांदळाचं तसं करता येत नाही. तो दर पावसाळ्यात कुणीतरी लावावाच लागतो.