बारडोलीचा ऊस, खानदेशचा कोयता आणि यान ब्रेमन

दिवाळी सरली की आपल्या धुळे-नंदुरबारच्या पाड्यांवरून ट्रक भरभरून माणसं गुजरातला ऊसतोडीला जातात. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. यान ब्रेमन यांना वाटलं. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

१९३६ साली जन्मलेले ब्रेमन ॲमस्टरडॅमचे समाजशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये ते दक्षिण गुजरातेत आले, ते हळपती शेतमजुरांचा अभ्यास करायला. पिढ्यान् पिढ्या मालकाच्या कर्जात बांधलेली ही माणसं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं ते परत परत तिथेच येत राहिले.

सत्तरच्या दशकात त्यांनी बारडोलीचे सहकारी साखर कारखाने बघितले. १९२८ च्या सत्याग्रहाची तीच बारडोली. गावात हळपती कामाच्या शोधात, आणि तोडीला मात्र टोळ्या खानदेशातून! "स्थानिक लोक काम करत नाहीत," हे ठरलेलं उत्तर. ब्रेमन यांना ते पटलं नाही. तेच हळपती काम मिळवायला वीटभट्ट्यांवर जात होतेच की. खरं कारण असं, की परका मजूर स्वस्त पडतो, रात्री-अपरात्री कामाला लावता येतो, भांडला तर पाठीशी गाव नसतं, आणि हंगाम संपला की त्याला परत पाठवता येतं.

मोजणीही माणसांची नाही, कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, बऱ्याचदा लेकरूसुद्धा. आधी मुकादमाची उचल, हंगामभर खावटी, हिशोब शेवटी. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, पण ब्रेमन याला नवी वेठबिगारी म्हणतात. जुना मालक अडीअडचणीला निदान पोटाला तरी घालायचा. आता बांधलेला फक्त मजूर, मालक मोकळा.

पुढे त्यांनी अहमदाबादच्या गिरणी कामगारांवरही लिहिलं. त्यांच्या पाठीशी १९२० पासून मजूर महाजनासारखी मोठी संघटना होती, तरी गिरण्या बंद पडल्यावर हजारो जण मिळेल त्या मजुरीला लागले. मग ज्यांची संघटनाच नाही, ज्यांचा मुक्काम फडाफडाने बदलतो, त्यांनी भावासाठी भांडायचं कसं?

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराला परवाना आणि मजुराला पासबुक सक्तीचं होतं. पासबुकात मजुरीचा दर आणि दिलेली उचल लिहायची होती. आपल्या गावातून आजवर इतके कोयते गेले. त्यातल्या किती जणांनी असं पासबुक हातात धरलंय? घरी विचारा आणि खाली लिहा.