जॉर्जटाऊनचे दोन अध्यक्ष

अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांची यादी पाहिली, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. जवळजवळ दोनशे वर्षं या जागेवर बहुतेक जेसुइट धर्मगुरूच बसले. शेवटचे जेसुइट अध्यक्ष 2001 मध्ये पायउतार झाले. अध्यक्ष म्हणजे साधारण आपल्याकडचे कुलगुरू म्हणा, पण अधिकार त्याहून मोठे. या यादीतल्या दोन नावांबद्दल आज बोलायचं आहे: थॉमस मलेडी आणि पॅट्रिक हीली. एकाने माणसं विकली. दुसरा जन्मला तेव्हा कायद्याच्या लेखी तो स्वतःच विकाऊ माल होता. आणि दोघांच्याही नावाच्या इमारती एकाच आवारात कित्येक दशकं उभ्या होत्या.

जेसुइट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. इग्नेशियस लोयोला यांच्या या संघाला पोपनी 1540 मध्ये मान्यता दिली. आपल्याला हे लोक परके नाहीत. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जेसुइट होते आणि 1869 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज काढलं तेही जेसुइटांनीच. शिक्षण हे त्यांचं जगभरातलं काम. वॉशिंग्टनजवळचं जॉर्जटाऊन कॉलेज 1789 मध्ये जॉन कॅरोल या कॅथलिक बिशपनी स्थापन केलं. अमेरिकेतली ही सर्वांत जुनी कॅथलिक उच्च शिक्षणसंस्था.

आता कोणतीही शिक्षणसंस्था म्हटली की पहिला प्रश्न पैशाचा. मेरीलँडमध्ये जेसुइटांचे मोठमोठे मळे होते आणि संघाच्या कामाचा खर्च त्यांच्या उत्पन्नावर चाले. त्या मळ्यांवर राबणारी माणसं गुलाम होती. मालक कोण? धर्मगुरूंचा संघ. गुलामांना बाप्तिस्मा दिला जाई, त्यांची लग्नं चर्चमध्ये लागत, आणि हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद मालमत्ता म्हणून होई. यात विसंगती आहे असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं.

मलेडी 1829 मध्ये जॉर्जटाऊनचे अध्यक्ष झाले. माणूस धडाडीचा. विद्यार्थी वाढवले, इमारती बांधल्या आणि त्यापायी कॉलेज कर्जात बुडालं. 1837-38 च्या सुमारास मलेडी आणि दुसरे एक जेसुइट, विल्यम मॅकशेरी, यांच्यात जागांची अदलाबदल झाली. मॅकशेरी कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि मलेडी मेरीलँड प्रांताचे प्रमुख. मळ्यांचं आणि गुलामांचं काय करायचं, यावर संघात मतभेद होते. अखेर विक्रीच्या बाजूने निर्णय झाला. रोमहून संघाचे सर्वोच्च प्रमुख यान रूटान यांनी परवानगी दिली, पण अटी घालून: कुटुंबं तोडायची नाहीत, या लोकांना आपला धर्म पाळता आला पाहिजे आणि येणारा पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही.

19 जून 1838 रोजी करार झाला. 272 माणसं, किंमत 1,15,000 डॉलर. घेणारे लुइझियानातले दोन मळेवाले, त्यातले एक, हेन्री जॉन्सन, त्या राज्याचे माजी गव्हर्नर. यादीत म्हातारे होते, तशी तान्ही मुलंही. पहिलं नाव आयझॅक. पहिल्या हप्त्याचे 25,000 डॉलर आले, त्यातले 17,000 कॉलेजच्या कर्जापोटी गेले. म्हणजे एक अट तिथेच मोडली. कुटुंबंही तुटली. त्या वर्षअखेरीस ‘कॅथरीन जॅक्सन’ या जहाजातून शंभरावर माणसं न्यू ऑर्लिन्सला पाठवली गेली, ती परत न येण्यासाठीच.

मलेडी यांना याची शिक्षा झाली का? रोमला बोलावणं आलं, प्रांतप्रमुखपद गेलं, काही वर्षं युरोपात काढावी लागली. मग ते परतले. 1843 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस या नव्या कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1845 ते 1848 पुन्हा जॉर्जटाऊनचे. अटी मोडल्याचा ठपका काही वर्षांत पुसला गेला. ज्यांच्या बाबतीत त्या मोडल्या, ती माणसं लुइझियानातच राहिली.

होली क्रॉसला मलेडी अध्यक्ष असतानाच, 1844 मध्ये, जॉर्जिया राज्यातून आलेले हीली बंधू दाखल झाले. त्यांचे वडील मायकेल हीली हे आयरिश मळेवाले. आई मेरी एलायझा, मिश्रवंशीय, त्यांच्याच मालकीची गुलाम. दोघं पतिपत्नीसारखे राहिले, पण त्या राज्यात असं लग्न कायदेशीर होणं शक्य नव्हतं. आणि कायदा सांगत होता की मुलाचा दर्जा आईवर जातो. म्हणून बाप मालक आणि मुलं गुलाम! गुलामाला अक्षरओळख करून देणं जॉर्जियात गुन्हा होता, मुक्त करणंही जवळपास अशक्य. बापाने मुलांना उत्तरेत धाडलं ते यासाठी.

या भावांपैकी पॅट्रिक 1834 चा. 272 माणसांची विक्री झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे 1850 मध्ये पदवी घेऊन तो जेसुइट संघात दाखल झाला. त्याच वर्षी अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला. विचार करा: अंगावर धर्मसंघाचा झगा, हातात ग्रंथ, आणि जॉर्जियाच्या कायद्यात आपण अजून मालमत्ताच. तरुणपणी होली क्रॉसला शिकवत असताना आपल्या जन्मावरून होणारी कुजबूज किती लागते, हे त्यांनी आपल्या गुरूंना, फादर जॉर्ज फेनविक यांना, पत्रातून कळवलं होतं. पुढे युरोपात बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. 1866 मध्ये ते जॉर्जटाऊनला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. 1873 मध्ये अध्यक्षांचं निधन झालं, सूत्रं त्यांच्याकडे आली आणि 1874 मध्ये ते रीतसर अध्यक्ष झाले.

1873 या सालापाशी आपण जरा थांबू. याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. त्याच अमेरिकेत, त्याच वर्षी, गुलाम म्हणून जन्मलेला माणूस एका विद्यापीठाची सूत्रं हाती घेत होता. पुण्यात हे कळायचा प्रश्नच नव्हता. पण गंमत अशी की खुद्द वॉशिंग्टनमध्येही ते फार थोड्यांना माहीत होतं. हीली वर्णाने उजळ होते, लोक त्यांना आयरिश वंशाचे समजत. सहकारी जेसुइटांपैकी काहींना माहीत होतं, ते बोलत नव्हते. हीलीही बोलले नाहीत.

त्यांनी काम मात्र असं केलं की त्यांना जॉर्जटाऊनचे ‘दुसरे संस्थापक’ म्हणतात. विज्ञानाचं शिक्षण सुधारलं, कायदा आणि वैद्यक विभागांना बळ दिलं आणि 1877 ते 1879 या काळात ती भव्य इमारत उभी केली, जी आज हीली हॉल म्हणून ओळखली जाते. कर्ज त्यांनाही झालं, भरपूर झालं. ते देणग्या मागत देशभर फिरले, तब्येत खालावली, 1882 मध्ये पद सोडलं तेव्हाही कर्ज शिल्लकच होतं. काळ बदलला होता, गुलामगिरी 1865 मध्येच संपली होती, हे मान्य. तरी दोन अध्यक्षांची दोन कर्जं शेजारी ठेवून पाहावीत. संस्था जगवायची म्हणून माणसं विकावीच लागतात, असा कोणताही नियम अर्थशास्त्रात नाही.

हीलींच्या मौनाबद्दल आपल्यापैकी काही जण विचारतील: ते बोलले का नाहीत? आपल्याकडे जात लपवून शहरात खोली घ्यावी लागलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, ते हा प्रश्न जपून विचारतील. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हीली 1910 मध्ये गेले. त्यानंतर संस्था का बोलली नाही? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जॉर्जटाऊनने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवीसाठी प्रवेश दिला नाही. त्याच आवारात हीली हॉल उभा होता. मलेडींचं नाव ठेवलं आणि कृत्य गाळलं, हीलींचं नाव ठेवलं आणि जन्म गाळला.

कोणी म्हणेल, 1838 मधल्या कृत्याला आजची संस्था कशी जबाबदार? माणसं मेली, प्रश्न मिटला. तत्त्वज्ञानात हा जुना वाद आहे. माझं उत्तर साधं आहे. संस्थेच्या बोधचिन्हावर 1789 लिहिलेलं असतं. त्या सालाचा अभिमान आजचे लोक बाळगतात, त्या दिवसांतल्या जमिनी आणि प्रतिष्ठा वापरतात. म्हणजे ती संस्था मी तीच आहे असं स्वतःच सांगते. मग 1838 पण तिचंच. वडिलांच्या घरावर हक्क सांगायचा आणि त्यांच्या कर्जावर कानांवर हात ठेवायचे, हे आपल्या गावकीतही चालत नाही.

विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर 2015 मध्ये जॉर्जटाऊनने मलेडी आणि मॅकशेरी यांची नावं इमारतींवरून काढली. 2017 मध्ये वंशजांच्या उपस्थितीत विद्यापीठाने आणि जेसुइटांनी जाहीर माफी मागितली. एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. करारातलं पहिलं नाव, ते आयझॅक हे. वंशजांना प्रवेशात झुकतं माप मिळतं आणि 2021 मध्ये जेसुइटांनी वंशजांसाठी 10 कोटी डॉलर उभारण्याचं वचन दिलं. एवढ्याने फेड होते का? नाही, आणि हे पुरेसं नाही असं अनेक वंशजांनीही उघडपणे म्हटलं. पण फेड सुरू व्हायला आधी वही उघडावी लागते, ती उघडली गेली.

आपल्याकडे शतक पूर्ण केलेल्या शिक्षणसंस्था पुष्कळ आहेत. त्यांच्या स्मरणिकांमध्ये देणगीदारांचे फोटो असतात, प्राचार्यांची यादी असते. पुढच्या वेळी एखादी स्मरणिका हातात आली, तर त्या यादीसोबत एवढंच पाहा: पहिल्या पन्नास वर्षांत संस्थेच्या दारात कोणाला उभं केलं नाही, त्यांच्याबद्दल त्यात काही लिहिलंय का. नसेल, तर ते लिहायला कोणीतरी बसलं पाहिजे. त्या काळची प्रवेशपुस्तकं अजून कपाटात असतील, तोवर.