बाग गेली, चित्रे राहिली

एम्प्रेस बागेत रविवारी सकाळी जावे, तर फुललेल्या झाडांपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी दिसते. हा छंद अलीकडचा, असे आपण समजतो. वस्तुतः पुण्यात झाडांची चित्रे जपण्याचा उद्योग कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. आणि त्यासाठी आपल्याला दापोडीस जावे लागेल.

पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी दापोडीच्या बंगल्याभोवती सरकारी वनस्पतिबाग वसवली. १८३८ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक झाले. त्यांनी एक पोर्तुगीज-हिंदी चित्रकार नेमला आणि १८४७ ते १८५० या काळात त्याच्याकडून देशी-परदेशी वनस्पतींची १५० हून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली.

फोटोची कला पॅरिसमध्ये १८३९ मध्येच जाहीर झाली होती. मुंबईत तिच्या उपासकांची संस्था १८५४ मध्ये निघाली. परंतु त्या काळच्या फोटोत रंग उमटत नसे. निळा प्रकाश चटकन टिपला जाई, तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे लालभडक फूल काळेठिक्कर उतरे. वारा सुटला की पाने पुसट होत. कुंचल्याला या अडचणी नव्हत्या.

पुढे गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीस हलला, दापोडीची बाग मोडली, आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी बाग उभी राहिली. चित्रे मात्र एडिंबरोच्या वनस्पतिबागेत सुखरूप राहिली. २००२ मध्ये हेन्री नॉल्टी यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांवरून दापोडीत काय फुलत होते, ते आज सांगता येते. पण ज्या हातांनी ती काढली, त्यांच्या धन्याचे नाव मात्र हरवले!

आमच्याच घरी बागेतला एक जुना फोटो आहे. झाड डवरलेले आहे. पण पाठ कोरी. कोणते झाड, कोणता महिना, फोटो कोणी काढला, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. आजचा कॅमेरा तारीख आपोआप टिपतो; झाडाची ओळख तो देत नाही. म्हणून फुलाबरोबर पान, साल आणि फळही टिपावे, आणि खाली चार शब्द लिहावेत: झाडाचे नाव, जागा, दिवस आणि आपले नाव. बागा मोडतात, झाडे पडतात. मागे राहिलेले चित्र बोलके ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.