चुकांतून शिकणारे यंत्र

मोडी लिपीतील जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत, त्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. अक्षर कसे काढावे हे पुस्तक सांगते. परंतु पुस्तकातील अक्षर दप्तरात क्वचितच भेटते. एका कारकुनाचा हात सुटसुटीत, तर दुसऱ्याचा गिचमिड. तरीही चार-सहा महिने कागद डोळ्यांखालून गेले, म्हणजे वाचणारा अक्षर ओळखू लागतो. कशावरून ओळखले, असे विचारल्यास त्याला नियम सांगता येत नाही. 'डोळा बसला' एवढेच तो म्हणतो. राग ओळखणाऱ्या रसिकाच्या कानाचीही हीच गोष्ट आहे.

नियम सांगता येत नाही आणि ओळख तर पटते, हे मानवी सामर्थ्य यंत्रात उतरविण्याचा प्रयत्न गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालला आहे. त्याचा इतिहास हा आजच्या भाषणाचा विषय होय. ह्या इतिहासात बुद्धीचे वैभव आहे, तसेच उतावळ्या स्तुतीने व तितक्याच उतावळ्या निराशेने झालेले नुकसानही आहे.

आरंभ १९४३ साली झाला. वॉरन मॅककुलक हे मेंदूचे अभ्यासक आणि वॉल्टर पिट्स हा अवघ्या विशीतला गणिती, ह्या दोघांनी अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. मेंदूतील पेशीकडे इतर पेशींकडून संदेश येतात. त्यांची बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेली की ती पेशी स्वतः संदेश पाठविते, एरवी गप्प राहते. अशा साध्या घटकांचे जाळे विणले, तर तर्काच्या क्रिया त्याच्याकडून करवून घेता येतात, हे त्यांनी गणिताने दाखविले. परंतु हे जाळे शिकत नव्हते. शिकण्याची कल्पना १९४९ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब ह्यांनी मांडली. दोन पेशी वारंवार एकापाठोपाठ जागृत होत असतील, तर त्यांमधील दुवा दृढ होत जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पायवाट जशी पावलांनी मळते, तसाच हा प्रकार.

ह्या दोन्ही विचारांना यंत्राचा देह दिला तो फ्रँक रोझेनब्लॅट ह्यांनी. १९२८ साली जन्मलेले हे मानसशास्त्रज्ञ बफेलो येथील कॉर्नेल वैमानिक प्रयोगशाळेत काम करीत होते. जुलै १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या साहाय्याने त्यांनी आपल्या 'पर्सेप्ट्रॉन' ह्या योजनेचे प्रात्यक्षिक आयबीएम ७०४ ह्या संगणकावर करून दाखविले. काही पत्त्यांवर डावीकडे खूण होती, तर काहींवर उजवीकडे. कोणताही नियम न सांगता, पन्नास प्रयत्नांनंतर यंत्र डावे-उजवे ओळखू लागले.

पुढे खास ह्या कामासाठी 'मार्क १' हे यंत्र बांधण्यात आले. त्याच्या डोळ्यात २० ओळी व २० रांगा अशा ४०० प्रकाशसंवेदी फोटोसेल होत्या. त्यांच्या तारा ५१२ मधल्या घटकांकडे जात, आणि तेथून ८ उत्तर देणाऱ्या घटकांकडे. ह्या शेवटच्या दुव्यांवर सारी मदार होती. जुन्या रेडिओचे बटण पिळून आपण आवाज कमीजास्त करीत असू, तशीच बटणे ह्या दुव्यांवर होती व ती लहान विद्युत मोटारी फिरवीत. यंत्रापुढे अक्षर धरावयाचे. उत्तर बरोबर आले तर काहीही करावयाचे नाही. चुकले तर चुकीला कारण झालेली बटणे थोडी मागे आणि बरोबर उत्तराकडे नेणारी थोडी पुढे सरकवावयाची. पंतोजींची पद्धत ती हीच; फक्त छडी नाही. दोन प्रकारच्या आकृत्या अशा बटणांनी वेगळ्या करणे मुळात शक्य असेल, तर ही रीत मर्यादित प्रयत्नांत उत्तरापर्यंत पोहोचतेच, हेही गणिताने सिद्ध झाले.

एवढ्यावर समाधान मानले असते तर बरे झाले असते. परंतु डावे-उजवे ओळखणाऱ्या ह्या यंत्राची बातमी वृत्तपत्रांत आली ती अशी की, हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, आपल्यासारखी दुसरी यंत्रे निर्माण करील आणि त्यास स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही होईल. ह्या गाजावाजाची परतफेड अकरा वर्षांनी झाली.

१९६९ साली मार्व्हिन मिन्स्की व सिमूर पॅपर्ट ह्यांचा 'पर्सेप्ट्रॉन्स' हा ग्रंथ निघाला. मिन्स्की व रोझेनब्लॅट हे न्यूयॉर्कमधील एकाच शाळेचे विद्यार्थी. ग्रंथातील मुख्य आक्षेप आपल्या घरातील जिन्याच्या दिव्यावरून समजेल. ह्या दिव्याला एक खटका खाली व एक वर असतो. दोहोंपैकी एकच खटका दाबलेला असेल तर दिवा लागतो. दोन्ही दाबलेले किंवा दोन्ही सुटे असतील तर विझतो. म्हणजे खालचा तोच खटका एका वेळी दिवा लावतो आणि दुसऱ्या वेळी विझवितो. त्याला एकच ठराविक वजन देऊन हा हिशेब कसा जमावा? एकेरी थराच्या यंत्राला तो कधीच जमणार नाही. मध्ये आणखी शिकणारे थर घातले तर जमेल. परंतु त्या थरांना शिकवावयाचे कसे, ह्याची समाधानकारक रीत तेव्हा हाती नव्हती, आणि तसा विस्तारही निष्फळ ठरेल असा ग्रंथकारांचा अंदाज होता. सिद्धान्त अचूक होता, अंदाज चुकला. परंतु लोकांनी दोहोंत भेद केला नाही. ह्या संशोधनाला ओहोटी लागली. ११ जुलै १९७१ रोजी, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, रोझेनब्लॅट चेसापीक उपसागरात नौकेच्या अपघातात मरण पावले. आपल्या कल्पनेचा उत्कर्ष त्यांना पाहावयास मिळाला नाही.

सर्वच दिवे मात्र विझले नव्हते. स्टॅनफर्ड येथे बर्नार्ड विड्रो व टेड हॉफ ह्यांनी १९६० साली चुकीच्या प्रमाणात वजने बदलण्याची जी रीत शोधली, ती दूरध्वनीच्या तारेवरील प्रतिध्वनी पुसून टाकण्याच्या कामी आली. १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स ह्यांच्या निबंधाने अनेक थरांना शिकविण्याची रीत सर्वतोमुखी केली. शेवटच्या उत्तरातील चूक थराथरांतून मागे न्यावयाची आणि प्रत्येक दुव्याच्या पदरी त्याच्या वाट्याचा दोष घालावयाचा, हे तिचे सार. १९८९ मध्ये यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच रीतीने टपालावरील हस्तलिखित आकडे यंत्राकडून वाचवून घेतले. २०१२ साली टोरोंटो येथील तिघांचे जाळे सुमारे बारा लक्ष चित्रांवर शिकून एका स्पर्धेत उतरले. त्याची चूक शेकडा १५.३, तर दुसऱ्या क्रमांकाची २६.२ होती. २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हिंटन व जॉन हॉपफिल्ड ह्यांस मिळाले.

आता आपल्या हिताचा प्रश्न. हे यंत्र शिकते ते दाखविलेल्या नमुन्यांवरून. न दाखविलेले ते जाणत नाही, आणि आपल्या निर्णयाची कारणे मोडी वाचणाऱ्याप्रमाणेच त्यालाही सहसा सांगता येत नाहीत. मनुष्याला आपण निदान उलट विचारतो, दुसऱ्या जाणकाराचे मत घेतो. यंत्राच्या बाबतीत हा रिवाज सोडून चालणार नाही. शिवाय नमुने निवडणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. इंदूर-ग्वाल्हेरची हिंदी वळणाची मराठी, बेळगावची कानडी हेल असलेली, गोव्यातील कोकणीच्या शेजारी वाढलेली मराठी, ह्यांचे नमुने ज्या यंत्राच्या कानी पडले नाहीत, ते आपले बोलणे चुकीचे ऐकेल आणि दोष आपल्या उच्चारावर येईल. ते नमुने जमविणे व जपणे हे काम दूरच्या प्रयोगशाळेवर सोपवून भागणार नाही. आपल्या ग्रंथालयांनी, शाळांनी व वाङ्मयमंडळांनी ते हाती घेतले पाहिजे. कारण ही बोली कशी असते, हे ठरविण्याचा अधिकार ती बोलणाऱ्यांचाच आहे.